पेन्सिलीची रेघ वाकवा आणि करंट बघा: नॅनो पातळीवरचा ताण मोजायचा सविस्तर मार्ग, दमट हवेच्या बंदोबस्तासकट

गेल्या जुलैत बारावीच्या दोन मुली माझ्याकडे आल्या. हातात पेन्सिलीने काळी पट्टी काढलेला कागद, त्याला दोन क्लिपा आणि मल्टिमीटर. म्हणाल्या, सर, आम्ही हिला वाकवतच नाही आहोत, नुसती टेबलावर ठेवलीय, तरी रेझिस्टन्स चढत चाललाय. बाहेर गुहागरचा पाऊस धो धो कोसळत होता, खिडकी उघडी, आणि कागद हातात घेतला तर पापड सादळल्यासारखा मऊ. मोजायला घेतला होता ताण आणि मोजला जात होता ओलावा. त्या दिवशी आणि पुढचे दोन महिने आम्ही जे जे करून बघितलं ते इथे क्रमाने लिहितोय. विज्ञान प्रदर्शनासाठी प्रोजेक्ट शोधणाऱ्यांना उपयोगी पडेल आणि कॉलेजात ऑसिलोस्कोप असेल तर शेवटचा प्रयोग नक्की करा, तो बघितल्यावर मला स्वतःला दोन दिवस दुसरं काही सुचत नव्हतं.

एक शब्दाचं आधी सांगतो. पुस्तकात लांबीतल्या बदलाला विकृती म्हणतात, पण बोलताना आपण ताणच म्हणतो, म्हणून मी इथे ताण म्हणजे लांबी किती टक्के वाढली असंच धरलंय.

आधी कारण समजून घ्या, मग हात लावा

साधी धातूची तार ओढली की ती थोडी लांब होते आणि थोडी बारीक होते, रस्ता लांबला आणि अरुंद झाला म्हणून रेझिस्टन्स वाढतो. हे लॉर्ड केल्विनने १८५६ मध्येच तांब्याच्या आणि लोखंडाच्या तारा ताणून दाखवलं होतं. रेझिस्टन्स किती टक्के बदलला याला लांबी किती टक्के बदलली याने भागायचं, जो आकडा येतो तो गेज फॅक्टर. नेहमीच्या धातूच्या स्ट्रेन गेजचा (ताण मोजायच्या पट्टीचा) गेज फॅक्टर २ च्या आसपास असतो, म्हणजे लांबी १ टक्का वाढली तर रेझिस्टन्स २ टक्के. एवढंच असतं तर मी हा लेख लिहायला बसलो नसतो.

१९५४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत चार्ल्स स्मिथने सिलिकॉन आणि जर्मेनियम दाबून-ताणून बघितले आणि बदल धातूपेक्षा कितीतरी पट मोठा निघाला, सिलिकॉनचा गेज फॅक्टर योग्य दिशेने १०० च्या वर जातो, आणि एन टाइप (म्हणजे जादा इलेक्ट्रॉन असलेल्या) सिलिकॉनमध्ये तर तो उणे येतो, म्हणजे ताणलं की रेझिस्टन्स कमी! आकार बदलल्यामुळे हे होणं शक्यच नाही. इथे खुद्द रेझिस्टिव्हिटी, म्हणजे पदार्थाचा स्वतःचा करंटला होणारा विरोध, बदलते. सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन राहतात ते एनर्जीच्या सहा सारख्या खळग्यांत. सहा खाड्या एका पातळीवर आहेत असं समजा, पाणी सगळीकडे सारखं. एका दिशेने ताण दिला की दोन खाड्यांचा तळ वर उचलला जातो आणि पाणी उरलेल्या चार खाड्यांत सरकतं. त्या चारांतले इलेक्ट्रॉन ताणाच्या दिशेने हलके असल्यासारखे पळतात, म्हणून करंट वाढतो. तुमच्या मोबाइलच्या प्रोसेसरमध्ये ही युक्ती वापरलेली असते. इंटेलने २००३ च्या ९० नॅनोमीटर चिप्समध्ये एका प्रकारच्या ट्रान्झिस्टरला मुद्दाम ताण आणि दुसऱ्याला मुद्दाम दाब देऊन वेग वाढवला.

कार्बन नॅनोट्यूब म्हणजे ग्राफीनची, कार्बनच्या एकच अणू जाड पापुद्र्याची, सुरळी. ती कुठल्या कोनात वळलीय त्यावर ती धातूसारखी वागणार की सेमीकंडक्टरसारखी ते ठरतं, आणि १ टक्का ताण दिला की तिचा बँड गॅप (करंट वाहायला इलेक्ट्रॉनला ओलांडावी लागणारी एनर्जीची दरी) साधारण १०० मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत सरकू शकतो. खोलीच्या तापमानाला उष्णतेमुळे मिळणारी एनर्जी असते २६ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट, त्या मानाने हा बदल केवढा आहे बघा. गंमत म्हणजे कोनावर अवलंबून हा गॅप वाढतो किंवा कमी होतो, दोन्ही.

आता ग्राफीनबद्दल एक गैरसमज मला खूप वेळा भेटतो. ग्राफीन फार हळवा सेन्सर आहे असं सगळे म्हणतात, पण अखंड ग्राफीनच्या एका थराला सरळ ताण दिला तर त्यात बँड गॅप सहज उघडत नाही आणि गेज फॅक्टर एक आकडीच राहतो. जिथे मोठे आकडे दिसतात तिथे बहुतेक वेळा ग्राफीनचे तुकडे एकमेकांवर पडलेले असतात आणि खेळ त्या तुकड्यांच्या मधल्या फटींचा असतो.

ही फटीची गोष्ट नीट डोक्यात बसवा, पुढचे सगळे प्रयोग तिच्यावर आहेत. पावसाळ्यात वहाळ ओलांडायला साकव नसेल तर आपण दगडांवरून उड्या मारत जातो. दगड एकमेकांना लागून असतील तर पोरंटोरंही पळत जातात, पण प्रत्येक दोन दगडांमधलं अंतर वीतभर वाढवलं की निम्मी माणसं अलीकडेच थांबतात, आणि दगड काही लांब झालेले नसतात, फक्त मधली जागा वाढलेली असते. इलेक्ट्रॉन फट ओलांडतो ते टनेलिंगने, म्हणजे मधे वाट नसतानाही पलीकडे निसटून, आणि दोन धातूंमध्ये मोकळी फट असेल तर ती फक्त ०.१ नॅनोमीटरने वाढली तरी करंट साधारण दहा पटीने पडतो. अणूच्या आकारापेक्षाही कमी अंतर आणि दहा पट फरक! म्हणून कणांच्या जाळ्यातला सेन्सर एवढा हळवा असतो.

पेन्सिलीच्या रेघेत हेच जाळं तुम्हाला अगदी स्वस्तात मिळतं. ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांची रुंदी मायक्रोमीटरमध्ये असते हे खरं, पण एक पापुद्रा दुसऱ्याला जिथे टेकतो ती जागा नॅनो मापाची. अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीत २०१४ मध्ये कागदावरच्या पेन्सिलीच्या रेघांचे स्ट्रेन गेज करून दाखवलेत, तेव्हा हा पोरखेळ आहे असं कोणी म्हटलं तर मनावर घेऊ नका.

पट्टी काढणं

ड्रॉइंगची सहा बी किंवा आठ बी पेन्सिल घ्या. एच पेन्सिलीत चिकणमाती जास्त, माती करंट नेत नाही, रेझिस्टन्स मेगाओहममध्ये जाईल आणि मल्टिमीटर नाचत बसेल. कागद साधा झेरॉक्सचा, ८० जीएसएमचा चालतो. त्याची जाडी अशी काढा: ५०० पानांची न फोडलेली रीम फूटपट्टीने मोजा, ५ सेंटिमीटरच्या आसपास येते, भागिले ५००, म्हणजे एक पान ०.१ मिलिमीटर. हा आकडा पुढे लागणार आहे.

६ सेंटिमीटर लांब, ५ मिलिमीटर रुंद पट्टी आखा आणि ती आधी लांबीच्या दिशेने दाबून भरा, मग आडवी भरा, मग परत उभी, असं निदान दहा वेळा, कागद आरशासारखा चकाकायला लागला पाहिजे. दोन्ही टोकांना १ सेंटिमीटरचे जाड काळे चौकोन. फुंकर मारून सुटा चुरा उडवा. बोटाने पुसू नका, घाम लागतो. रेझिस्टन्स मोजा, काही किलोओहमपासून शंभर-दोनशे किलोओहमपर्यंत काहीही आलं तरी चालेल. अशा दोन पट्ट्या एकाच पानावर शेजारी शेजारी काढा आणि मग कापा, दुसरी कशाला ते सांगतो.

क्लिपा हा आपल्याकडचा मोठा त्रास आहे. खाऱ्या हवेने क्रोकोडाइल क्लिपांचे दात महिन्याभरात काळे-हिरवे पडतात आणि मग तो गंजच तुमच्या रीडिंगमध्ये येतो. बारीक पॉलिश पेपरने दात घासा, टोकाच्या चौकोनावर तांब्याच्या पत्र्याची छोटी घडी ठेवा आणि त्यावर क्लिप लावा. मग पट्टी न वाकवता नुसती वायर हलवून बघा. आकडा दचकला तर जोड कच्चा आहे, पुढे जाऊ नका. आमचे पहिले चार दिवस या एका गोष्टीत गेले.

वाकवणं, आणि ताण किती ते काढणं

कागद हाताने ओढून मोजता येत नाही, फाटतो. त्यापेक्षा गोल नळीवर गुंडाळा. कागद वाकला की बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते, आणि मधोमध काहीच होत नाही. त्यामुळे हिशोब एकदम सोपा: ताण म्हणजे कागदाची जाडी भागिले नळीचा व्यास. ५० मिलिमीटरच्या पाइपवर ०.२ टक्के, २५ वर ०.४, २० वर ०.५ आणि १० मिलिमीटरच्या मार्कर पेनवर १ टक्का. प्लंबरकडे पीव्हीसी पाइपांचे तुकडे फुकट मिळतात, फक्त व्यास व्हर्नियरने बाहेरून मोजा, पाइपवर छापलेल्या मापावर जाऊ नका. पट्टीवर सेलोटेप लावलीत तर जाडी बदलते आणि हा सगळा हिशोब चुकतो.

पहिली वीस-तीस वाकवणी मोजायची नाहीत. कणीक मळून घेतात तशी पट्टी मळून घ्यायची, कारण सुरुवातीला काही पापुद्रे कायमचे सुटतात आणि सपाट असतानाचा आकडा दर वेळी थोडा चढलेला दिसतो. तो स्थिरावला की मोजायला बसा.

मोजायची पद्धत अशी: सपाट अर्धा मिनिट, वाकवलेली अर्धा मिनिट, परत सपाट अर्धा मिनिट, परत वाकवलेली, अशा दहा फेऱ्या, प्रत्येक वेळी शेवटचा आकडा वहीत. एकदाच वाकवून एकदाच लिहिलेला आकडा आमच्याकडे मी धरतच नाही. समजा सपाट ४८.० किलोओहम, २० मिलिमीटरच्या नळीवर ५१.७, परत सपाट ४८.४. म्हणजे मधल्या वेळात पट्टी स्वतःहून चढतेय. अशा वेळी आजूबाजूच्या दोन सपाट आकड्यांची सरासरी घ्या, ४८.२, फरक ३.५, टक्केवारी ७.२६, भागिले ०.५, गेज फॅक्टर १४.५. पहिल्याच सपाट आकड्यावरून काढला असता तर १५.४ आला असता, आणि तो जास्तीचा भाग ताणाचा नव्हता, हवेचा होता.

ही काळजी फक्त पेन्सिलवाल्यांनी घ्यायची असं नाही. २००६ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात सिलिकॉनच्या नॅनोवायरमध्ये (नॅनो जाडीच्या तारेत) ताणाने प्रचंड मोठा बदल दिसला म्हणून जगभर चर्चा झाली, आणि २०१० मध्ये दुसऱ्या एका गटाने ताण सतत द्यायचा-काढायचा असं करून मोजलं तेव्हा त्यांच्या वायरमधला प्रचंड बदल जवळजवळ नाहीसाच झाला, तो ताणाचा नव्हताच, पृष्ठभागावर अडकलेल्या चार्जमुळे रेझिस्टन्स आपोआप सरकत होता. त्या दोन मुलींच्या टेबलावर जे झालं तेच! नॅनो वस्तूत जवळजवळ सगळा माल पृष्ठभागाशीच असतो, त्यामुळे हवा, ओल, चार्ज, सगळं लगेच बोलायला लागतं. म्हणून ताण-सैल-ताण-सैल.

नंतर पट्टी उलटी करा, काळी बाजू नळीला टेकवून. आता पापुद्रे दाबले जातात आणि रेझिस्टन्स उतरला पाहिजे. उतार चढापेक्षा कमी असेल, ते बरोबर आहे, मुळात टेकलेले दगड आणखी किती जवळ येणार. पण दोन्ही बाजूंनी वाकवून आकडा चढतच असेल तर तुमची पट्टी तुटतेय किंवा क्लिप सरकतेय, ताणाचा यात काही संबंध नाही.

दमट हवेचा बंदोबस्त

आपल्याकडे पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास असते आणि कागद म्हणजे लाकडाचे तंतूच, ते पाणी पितात आणि फुगतात, फुगले की पापुद्रे एकमेकांपासून लांब जातात. म्हणजे ओलावाही शेवटी ताणच देतोय, पण तुम्ही न दिलेला. सगळ्यात आधी पट्ट्या रात्रभर पापडाच्या घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा (नव्या बुटांच्या खोक्यात येतात त्या पुड्या टाकून देऊ नका, गुलाबी किंवा फिकट पडल्या तर मंद तव्यावर जेल कोरडं करून घेता येतं).

तरीही पट्टी बाहेर काढली की पाच मिनिटांत ओल धरायला सुरुवात, म्हणून ती दुसरी जुळी पट्टी. तिला मी साक्षीदार म्हणतो. ती वाकवायची नाही, वाकणाऱ्या पट्टीच्या शेजारी सपाट ठेवायची, आणि दोघींना एकापुढे एक जोडून ५ व्होल्ट द्यायचे, मधल्या जोडावरचा व्होल्टेज मोजायचा. ओलावा आणि उष्णता दोघींना सारखीच लागते म्हणून मधला व्होल्टेज हलत नाही, ताण एकीलाच लागतो म्हणून तेवढाच दिसतो.

आर्डुइनोवर (कॉम्प्युटरला जोडायचा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) जोडायचं तर त्याचा एक काउंट, म्हणजे मोजण्याची सगळ्यात छोटी पायरी, सुमारे ४.९ मिलिव्होल्टचा. आपल्या ७ टक्क्यांच्या बदलाला मधला व्होल्टेज जवळजवळ ९० मिलिव्होल्ट सरकतो, म्हणजे १८ काउंट, आरामात दिसतं. याच जागी धातूचं गेज ०.१ टक्का ताणावर लावलं असतं तर सरकला असता अडीच मिलिव्होल्ट, अर्धा काउंट, म्हणजे काहीच दिसलं नसतं, म्हणून वजनकाट्यात त्याला वेगळा २४ बिटचा बोर्ड लावावा लागतो. दोन पट्ट्यांचा रेझिस्टन्स आर्डुइनोच्या इनपुटसाठी जरा जास्त होतो, तेव्हा मधल्या जोडापासून ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका, आकडे शांत होतात.

पावसाळ्यातच प्रोजेक्ट द्यायचा असेल तर माझा सल्ला कागद सोडा, पारदर्शक ओएचपी शीट घ्या, ती पॉलिएस्टरची असते, पाणी फारसं पीत नाही. गुळगुळीत शीटवर पेन्सिल उठत नाही, बारीक पॉलिश पेपरने ती आधी दुधाळ होईपर्यंत घासा आणि मग काढा. आम्ही शेवटी यावरच आलो.

पट्टी चांगली जमली की ती स्टीलच्या फूटपट्टीवर सुपरग्लूने, टेबलाच्या कडेजवळ, चिकटवा आणि फूटपट्टीचं दुसरं टोक खाली दाबा. फूटपट्टी १ मिलिमीटर जाड, २५ सेंटिमीटर बाहेर काढलेली आणि टोक २ सेंटिमीटर खाली, तर कडेपाशी ताण ०.०५ टक्क्यांच्या जरा खाली. एवढासा ताणही दिसतो, आणि टोक टिचकी मारून सोडलं तर आर्डुइनोच्या प्लॉटरवर फूटपट्टीची थरथर लाटेसारखी उमटते. प्रदर्शनात लोक इथेच थांबतात.

फोमचा छोटा प्रयोग

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आयसी ज्या काळ्या फोममध्ये खोचून येतात तो फोम मागून घ्या, त्यात कार्बन ब्लॅकचे नॅनो मापाचे कण मिसळलेले असतात. त्याचा तुकडा दोन तांब्याच्या पत्र्यांमध्ये ठेवा, वर पाण्याची १ लिटरची बाटली ठेवली की १ किलो. दाबला की कण जवळ येतात, रेझिस्टन्स कोसळतो. बाटली काढली तरी आकडा लगेच पूर्वीच्या जागी येत नाही, फोम सावकाश उठतो, हा उशीर वेळेसकट लिहून ठेवा कारण रबर-फोमच्या सगळ्या सेन्सरांची ही खोड आहे.

सोन्याची तार तुटताना

हा कॉलेजात, ऑसिलोस्कोप असेल तरच. वर सगळीकडे लाखो फटी एकदम मोजत होतो, इथे एकच जोड, आणि तो शेवटच्या एका अणूपर्यंत ताणायचा.

सोनाराकडून २४ कॅरेटच्या बारीक तारेचे दोन छोटे तुकडे आणा. तांब्याची नको, हवेत तिच्यावर लगेच ऑक्साइड चढतं. दीड व्होल्टच्या सेलला १.४ किलोओहम आणि १०० ओहम एकापुढे एक जोडा, १०० ओहमवर १०० मिलिव्होल्ट मिळतात. तिथून पहिली सोन्याची तार, तिला हलकेच टेकलेली दुसरी, तिथून १० किलोओहम आणि मग ग्राउंड. स्कोप त्या १० किलोओहमवर. ट्रिगर उतरत्या कडेवर ५० मिलिव्होल्टला, सिंगल शॉट, वेळ ५० मायक्रोसेकंदाच्या आसपास ठेवून पुढे-मागे करून बघा. तारा टेकवा आणि टेबलावर बोटाने टकटक करा. धक्क्याने तारा सुटतात, सुटताना मधला सोन्याचा गळा ताणला जाऊन बारीक बारीक होत जातो.

व्होल्टेज सरळ घसरत नाही, पायऱ्या पायऱ्यांनी उतरतो! एका अणूइतका गळा उरला की त्यातून करंटला जायला एकच वाट असते आणि तिचा रेझिस्टन्स सुमारे १२.९ किलोओहम, हा आकडा फक्त इलेक्ट्रॉनचा चार्ज आणि प्लँकचा स्थिरांक यांवरून येतो. आपल्या सर्किटमध्ये एका वाटेला पायरी दिसायला हवी ४३.७ मिलिव्होल्टवर, दोन वाटांना ६०.८ वर आणि तीन वाटांना ६९.९ वर. प्रत्येक वेळी दिसणार नाही, कधी एकदम धाडकन शून्यावर येईल, कधी मधल्याच कुठल्या तरी उंचीवर पायरी असेल, म्हणून निदान शंभर वेळा ठोका आणि कुठल्या उंचीवर किती वेळा थांबली त्याचा आलेख काढा. आमच्या मुलींनी रविवारी दिवसभर बसून दीडशे ट्रेस काढले, ४४ मिलिव्होल्टच्या जवळ ढीग जमलेला दिसायला लागला तेव्हा त्यातली एक उठून उभीच राहिली आणि म्हणाली, सर, हा एकच अणू आहे ना?